मोडत्या संसारावर सस्पेन्स कादंबरी लिहायची आहे? मग हे आधी वाचा

संसार अचानक मोडला असं दोघांपैकी एकालाच वाटतं. दुसऱ्याला ते कितीतरी आधीपासून ठाऊक असतं. नवरा-बायकोच्या नात्यावर सस्पेन्स कादंबरी लिहायची तर तिचा सगळा जीव या तफावतीत आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांपैकी कुणाला काय कळलं, कधी कळलं आणि कळूनही तो किंवा ती गप्प का बसली? खून, बेपत्ता होणं, पोलीस, कोर्ट हे सगळं नंतरचं, आणि नाही आलं तरी चालतं.

नवे लेखक बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी एक दणदणीत धक्का सुचतो, मग त्याच्या आजूबाजूला माणसं उभी केली जातात. दीडशे पानं झाली तरी या दोघांनी मुळात लग्न का केलं असेल, याचा वाचकाला पत्ता नसतो. मोडलं त्याचं वाईट वाटायला आधी काहीतरी उभं असावं लागतं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. मीरा आणि निखिल. लग्नाला नऊ वर्षं झालीत, सात वर्षांची एक मुलगी आहे.

पहिली पायरी: तडा नेमका कुठे दिसला?

कादंबरीची सुरुवात एका छोट्या, डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीने करा. शर्टावरचा लिपस्टिकचा डाग, फोनवर ‘मिस यू’चा मेसेज, खिशात हॉटेलचं बिल, हे सगळं वापरून वापरून गुळगुळीत झालंय. शिवाय या गोष्टी थेट पुरावाच देऊन टाकतात. आपल्याला हवा आहे प्रश्न.

मीराच्या घरात एक टॅब आहे आणि त्यावर निखिलचं अकाउंट चालू आहे. दुपारी चारच्या सुमारास ती मुलीला त्यावर जुने फोटो दाखवत असताना वर एक नवा फोटो उमटतो. पिवळ्या भिंतींची रिकामी खोली, कोपऱ्यात दुमडून ठेवलेली एक छोटी गादी. मीरा नीट बघते न बघते तोच फोटो नाहीसा होतो. रात्री निखिल येतो, हातपाय धुतो, जेवतो. दिवस कसा गेला असं विचारल्यावर म्हणतो, ‘मीटिंगमध्येच गेला.’

एवढंच पुरेसं आहे. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण मीराची झोप उडाली. आणि आता वाचक तो प्रश्न विचारणार ज्याच्यावर या प्रकारातली प्रत्येक कादंबरी तरते किंवा बुडते: तिने सरळ विचारलं का नाही?

या प्रश्नाचं भक्कम उत्तर तुमच्याकडे नसेल तर पुढे जाऊ नका. ‘तिला भांडण नको होतं’ हे उत्तर दहा पानं टिकतं, तीनशे पानं टिकत नाही. टिकाऊ उत्तर बहुधा एकच असतं. विचारलं तर तिलाही काहीतरी सांगावं लागेल.

दुसरी पायरी: लपलेलं कॅलेंडर

आता कादंबरी बाजूला ठेवा आणि खरं काय घडलं ते तारीखवार लिहून काढा. वाचकाला कधी दाखवायचं, कोण सांगणार, यातलं काहीही डोक्यात आणू नका. हे फक्त तुमच्यासाठी आहे. मीरा-निखिलचं कॅलेंडर असं:

मार्च. मीराच्या मोठ्या भावाचा धंदा बुडतो. त्याला वाचवायला ती दोघांच्या नावावरची ठेव मुदतीआधी मोडते. त्यासाठी निखिलचीही सही लागते. ती मीराच करते. सहा महिन्यांत पैसे परत येतील, मग कुणाला कळणारही नाही, असा तिचा हिशेब.

जुलै. बँकेच्या कागदांमध्ये निखिलला ठेव मोडल्याचं दिसतं. सहीचा नमुना बघून तो ओळखतो. घरी मात्र एक अक्षर बोलत नाही. तो वाट बघतो, ती आपणहून सांगेल म्हणून.

सप्टेंबर. सहा महिने उलटतात. ती सांगत नाही. तो वकिलाला भेटतो.

ऑक्टोबर. तो एक खोली भाड्याने घेतो.

नोव्हेंबर. टॅबवर तो फोटो उमटतो. आपली कादंबरी इथून सुरू होते.

म्हणजे मीराला जे नोव्हेंबरमध्ये ‘अचानक’ वाटतं ते निखिलसाठी जुलैपासून चालू आहे, आणि खरं तर मीरासाठी मार्चपासून. जुलै ते सप्टेंबर या काळाकडे नीट बघा. तो रोज तिला संधी देतोय आणि तिला ते माहीत नाही. ‘तुला काही सांगायचंय का?’ असं त्याने एखाद्या रात्री सहज विचारलं असेल. तेव्हा ती काय म्हणाली? हा प्रसंग तुमच्या कादंबरीतला सगळ्यात मौल्यवान प्रसंग आहे, आणि कॅलेंडर केलं नसतं तर तो सुचलाच नसता.

हे कॅलेंडर करायला एक आठवडा गेला तरी जाऊ द्या. वार आणि तारखा खऱ्या वर्षाशी जुळवून घ्या. मुलीची शाळा, सुट्ट्या, कोण कधी आजारी होतं, सगळं त्यात भरा. पुढे अर्ध्या अडचणी इथेच सुटतात.

तिसरी पायरी: सांगणार कोण?

समीक्षक वेन बूथ यांनी 1961 साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही कल्पना मांडली, आणि आज या प्रकारातल्या बहुतेक कादंबऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. निवेदक सांगतो तसं सगळं घडलेलं नसतं, आणि ते वाचकाच्या हळूहळू लक्षात येतं. मात्र नवे लेखक याचा अर्थ ‘निवेदकाला खुशाल खोटं बोलू द्या’ असा घेतात, आणि शेवटी वाचक चिडून पुस्तक आपटतो.

स्वतःपुरता एक नियम पाळा. निवेदक गाळू शकतो, चुकीचा अर्थ लावू शकतो, स्वतःची समजूत घालू शकतो. पण न घडलेली गोष्ट घडली असं त्याने वाचकाला सांगायचं नाही. पात्रांशी तो वाट्टेल तितकं खोटं बोलो. वाचकाशी फक्त गाळायची मुभा.

गाळायचं कसं ते बघा. मीरा सांगते आहे:

‘मार्चमध्ये दादाचं दुकान बंद पडलं. मी दोन दिवस त्याच्याकडे राहिले, वहिनीची समजूत घातली, बँकेची थोडी कामं राहिली होती ती उरकली, आणि घरी आले तर पिल्लू तापाने फणफणलेलं. तीन रात्री आम्ही दोघांनी आळीपाळीने जागून काढल्या. निखिलसारखा बाप मिळायला नशीब लागतं, असं तेव्हा वाटलं होतं.’

यातला एकही शब्द खोटा नाही. सगळं रहस्य ‘बँकेची थोडी कामं’ या तीन शब्दांत आहे. ते वाक्याच्या मधोमध बसवलंय आणि लगेच मागून मुलीचा ताप आणलाय, म्हणून वाचकाचं लक्ष तापाकडे जातं. सुगावा कधीही परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका. शेवटचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आणि हो, पहिल्या पायरीत त्या फोटोतल्या गादीला ‘छोटी’ हे विशेषण लागलं होतं. बहुतेकांनी ते वाचून सोडून दिलं असेल. रिकामी खोली म्हटल्यावर डोक्यात दुसरी बाई येते आणि गादीच्या मापाकडे कुणी बघत नाही. गादी लहान मुलाची आहे. निखिल मुलीला घेऊन जाणार आहे.

एकच निवेदक ठेवायचा की दोघांनी आळीपाळीने बोलायचं? पहिल्या कादंबरीला माझं मत एकाच आवाजाच्या बाजूने आहे, निदान अर्ध्यापर्यंत. आळीपाळीची प्रकरणं दिसायला सोपी वाटतात. पण तिची बाजू, त्याची बाजू, पुन्हा तिची असं चाललं की एकच प्रसंग दोनदा वाचतोय असं वाटू लागतं. दुसऱ्याच्या प्रकरणाने आधीच्या प्रकरणाचा अर्थ फिरवला तरच ते लिहिण्यात राम आहे.

चौथी पायरी: धक्का द्यायचा की धाकधूक लावायची?

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत दिलेलं उदाहरण या कामात अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसेल आणि तो फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटांची धाकधूक.

आपल्या कादंबरीत बॉम्ब म्हणजे शनिवार. निखिल शनिवारी सकाळी मुलीला घेऊन निघणार आहे. हे वाचकाला साधारण मध्यावर सांगून टाका, निखिलच्या एका छोट्या प्रकरणातून. नवख्यांना हे पचत नाही. त्यांना वाटतं सगळं शेवटासाठी राखून ठेवावं. पण एकदा वाचकाला शनिवार कळला की मीराच्या प्रत्येक साध्या वाक्याला वजन येतं. ती मुलीला म्हणते, ‘रविवारी आपण तुझी खोली आवरूया हं.’ यात काही घडत नाही. वाचकाच्या पोटात मात्र गोळा येतो.

सही कुणी केली हे मात्र अजून सांगायचं नाही. तो धक्का. धाकधूक आणि धक्का दोन्ही हवेत, पण दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

पाचवी पायरी: घर

घराचा नकाशा कागदावर काढा, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्याच्यासह. बाथरूममधलं बोलणं कुठल्या खोलीत ऐकू जातं? किल्ल्या किती आणि कुणाकडे? पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं?

घराच्या वस्तू साक्षीदार असतात. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅसलाइट’ हे नाटक 1938 मध्ये रंगमंचावर आलं. त्यात नवरा बायकोला वेडं ठरवू बघतो. तो वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतल्या गॅसच्या दिव्यांची ज्योत मंद होते. तिला ते दिसतं. तिच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, पण ज्योत तर मंद होतेच आहे. तुमच्या घरातही अशी एक गोष्ट शोधा, जिला कुणाची बाजू घेता येत नाही. विजेचं मीटर, गाडीतल्या ड्रायव्हर सीटची जागा, टूथपेस्ट कुठून दाबली आहे. निखिल मुलीचे कपडे थोडेथोडे करून नेत असेल तर कपाटात घड्यांची उंची कमी होत जाईल. मीराच्या ते लक्षात येतं, पण तिला वाटतं मुलगी वाढतेय, जुने कपडे तिनेच कुणाला दिले असतील.

सहावी पायरी: बोलणं

इथे बहुतेक पहिले खर्डे ढेपाळतात. नमुना:

‘तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस, निखिल. आपल्यात आता पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही.’
‘तसं काही नाही, मीरा. तुला उगाच संशय येतो.’

असं मालिकेत बोलतात. नऊ वर्षं एकत्र राहिलेली माणसं विषयाच्या आजूबाजूने बोलतात, आणि एकमेकांना दर वाक्याला नावाने हाक मारत नाहीत. हाच प्रसंग पुन्हा:

‘शनिवारी गाडी लागेल मला,’ निखिल म्हणाला.
‘कुठे जायचंय?’
‘सर्व्हिसिंगला टाकतो.’
‘मागच्याच महिन्यात केली ना?’
त्याने टॉवेल घडी करून दांडीवर टाकला. मग काढला, पुन्हा घडी घातली. ‘आवाज येतोय इंजिनाचा. तुला नाही आला?’
‘आला,’ मीरा म्हणाली. गेल्या तीन आठवड्यांत तिने गाडीला हातही लावला नव्हता.

दोघंही खोटं बोलले, दोघांनाही ते कळलं आणि विषय गाडीचाच राहिला. भांडणाचा मोठा प्रसंग लिहायचा असेल तर संपूर्ण कादंबरीत एकच लिहा, आणि त्याच्या आधी असे दहा-बारा गाडीचे प्रसंग असू द्या.

सातवी पायरी: फोन, कायदा, पोलीस

आजच्या वाचकाला तंत्रज्ञान लेखकापेक्षा जास्त कळतं असं धरूनच चाला. तो फोटो नाहीसा झाला म्हणता? आयफोनवर डिलीट केलेला फोटो साधारण 30 दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतो. मग मीरा ट्रॅश का उघडत नाही? तिला उघडू द्या. ट्रॅश पूर्ण रिकामं आहे. जो माणूस फोनमधले तीन वर्षांपूर्वीचे स्क्रीनशॉटसुद्धा काढून टाकत नाही, त्याने ट्रॅश रिकामं केलंय. फोटो सापडण्यापेक्षा हे जास्त भीतिदायक आहे, आणि कथानकातलं भोकही बुजलं. फोटोसोबत वेळ आणि बरेचदा ठिकाणही साठवलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. तुमच्या सोयीने ते विसरता येणार नाही.

कायद्याचा वेग कथा जिथे घडते तिथला पाहिजे. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट घेताना दोन टप्प्यांमध्ये सहा महिन्यांचा काळ ठेवला आहे, आणि परिस्थिती बघून न्यायालय तो माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2022 पासून कुणाचाही दोष सिद्ध न करता अर्ज करता येतो, पण पहिल्या आदेशाआधी 20 आठवडे थांबावं लागतं. म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी सकाळी घटस्फोटाचे कागद सही होऊन हातात’ हे या दोन्ही ठिकाणी घडत नाही. उलट हा सक्तीचा थांबण्याचा काळ कादंबरीला फार सोयीचा आहे. मोडलेल्या संसारात दोघं अजून एकाच घरात राहताहेत, याहून ताणलेली परिस्थिती शोधूनही सापडणार नाही.

पोलिसांबद्दल एवढंच की सज्ञान माणूस आपणहून घर सोडून गेला तर तो गुन्हा नसतो. तपासाची प्रकरणं लिहिण्याआधी त्या भागातली पद्धत एखाद्या वकिलाकडून समजून घ्या.

आठवी पायरी: बांधणी

इथे फार वेळ घालवू नका. 70 ते 80 हजार शब्द, दोनेक हजारांची 35-40 प्रकरणं, असा ढोबळ आराखडा पहिल्या कादंबरीला पुरतो. तडा पहिल्या प्रकरणात दिसावा. पाव कादंबरी होईतो मीराने असं काहीतरी केलेलं असावं जे मागे घेता येणार नाही, उदाहरणार्थ निखिलच्या ऑफिसात खोट्या नावाने फोन. मध्यावर निखिलचं प्रकरण आणि शनिवार. त्यानंतरची प्रकरणं आखूड होत गेली पाहिजेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजवायची मात्र गरज नाही. तिसऱ्यांदा दार वाजलं की वाचक हसतो.

नववी पायरी: शेवट

शेवटाच्या बाबतीत दोन पळवाटा सरळ बंद करून टाका. एक म्हणजे जुळा भाऊ, जुळी बहीण, स्मृतिभ्रंश. दुसरी म्हणजे ‘तिला मानसिक आजार होता’. ही दुसरी जास्त वाईट. तीनशे पानं ज्या बाईच्या नजरेने बघितलं तिला शेवटच्या पानावर आजारी ठरवून मोकळं होणं हा आळस आहे, आणि तशा आजाराशी झगडणाऱ्या माणसांवर अन्यायही.

चांगला शेवट जुन्याच माहितीतून निघतो. मीराची सही बाहेर येते हा पहिला उलगडा, आणि तो शेवटापेक्षा तीसेक पानं आधी यावा. त्याचे परिणाम दाखवायला जागा हवी; वाचकाला आता मीराकडे नव्याने बघायचं असतं. त्यानंतर आणखी एक, लहान आणि जास्त खोल लागणारा. त्या खोलीच्या भिंती पिवळ्या का? कारण रंग मुलीने निवडला होता. ती तिथे आधी जाऊन आली होती. टॅबवर तो फोटो उमटला तेव्हा ती आईच्या मांडीवरच बसली होती आणि काही बोलली नाही. घरात अंधारात होती ती एकटी मीरा.

त्यासाठी पहिल्या प्रकरणात जाऊन मुलीची एक हालचाल पेरावी लागेल. फोटो दिसल्यावर तिने काय केलं? बहुतेक लगेच पुढचा फोटो सरकवला असेल.

दहावी पायरी: खर्डा तपासणं

पहिला खर्डा झाला की दोन-तीन आठवडे त्याला हात लावू नका. मग आधी फक्त निखिलचे प्रसंग सलग वाचा, जणू बाकीची कादंबरी नाहीच. जुलैपासून सगळं ठाऊक असलेला माणूस असाच वागेल का? तिच्या भावाचं नाव निघाल्यावर तो नुसता हसतो, हे आता खटकतं का? मग मीराचे प्रसंग तसेच वाचा. शेवटी कॅलेंडर शेजारी ठेवून वार, तारखा, मुलीच्या शाळेचे दिवस ताडून बघा. मंगळवारी सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीतून बुधवारी सकाळी कुणी फिरत असेल तर वाचक ते पकडतोच.

मग दोन वाचकांना द्या. घरचे शक्यतो नकोत, आणि या विषयावर तर मुळीच नकोत. नवरा किंवा बायको आपल्याबद्दल काय लिहिलंय तेच शोधत बसते. ‘आवडली का?’ असं विचारू नका. एक पेन्सिल द्या आणि सांगा, काहीतरी ओळखलं असं वाटेल त्या पानावर समासात काय ओळखलं ते लिहायचं, बरोबर असो की चूक. दोघांनीही शंभराव्या पानाआधी ‘सही तिनेच केली’ असं लिहिलं असेल तर सुगावा खोडायची घाई करू नका. खोडला तर शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटेल. त्याऐवजी त्या पानाच्या आसपास वाचकाला दुसरं एक पटण्यासारखं कारण द्या. भावानेच निखिलकडून पूर्वी पैसे घेतले असावेत, अशी शंका पुरे. आणि समास शेवटपर्यंत कोरा आला, तर ‘बँकेची थोडी कामं’ या शब्दांना आणखी एकदा, वेगळ्या प्रसंगात, वाचकाच्या डोळ्यांसमोरून जाऊ द्या.